पुळणीवर जुने नाणे सापडले तर: कोकणातल्या सरपंच, पोलीसपाटील आणि तलाठ्यांना खुले पत्र

मा. सरपंच, पोलीसपाटील आणि ग्राम महसूल अधिकारी (तलाठी),
झाई-बोर्डीपासून रेडीपर्यंत किनाऱ्यावरची सर्व गावे

सप्रेम नमस्कार.

मेटल डिटेक्टर घेऊन पुळणीवर फिरणारी माणसे आता आपल्या गावांना नवी राहिलेली नाहीत. कुणाची हरवलेली अंगठी, कुणाच्या गाडीची किल्ली, पर्यटकांच्या खिशातून पडलेली चिल्लर यांच्या शोधात ती फिरतात. आणि एखाद्या दिवशी, ध्यानीमनी नसताना, यंत्राच्या तळाच्या कॉईलखालून (तारेच्या वेटोळ्याखालून) शिवराई निघते, तराजूछाप पैसा निघतो, क्वचित खापरीला चिकटलेला चांदीचा गठ्ठा निघतो. असे काही सापडलेला माणूस थेट मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जात नाही. तो पोलीसपाटलांच्या ओट्यावर येतो, तलाठ्यांच्या कार्यालयात येतो, नाही तर सोनाराकडे जातो. यातली कोणती वाट तो धरील हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र वरच्या कार्यालयांना न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

आम्ही जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारे आणि डिटेक्टर वापरणारे लोक आहोत. आमचे मागणे साधे आहे. सापडणाऱ्याला चोर समजू नका. नाणे कुठे, किती खोल, कशाच्या सोबत मिळाले ते त्याच दिवशी लिहून घ्या. नाणे जसे आले तसेच, न घासता न धुता, पुढे पाठवा. आणि देणाऱ्याच्या हातात पोच द्या. हे का, आणि नेमके कसे, ते खाली सविस्तर लिहिले आहे.

आधी नाणी वर येतात कशी ते पाहू. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतात. वाळू उतरली की खालचा शिंपल्यांचा जाड थर किंवा कातळ उघडा पडतो. जड वस्तू सैल वाळूतून खाली सरकत याच थरावर येऊन थांबलेल्या असतात. त्यामुळे उधाणाच्या मोठ्या भरतीनंतर, वादळानंतर आणि पावसाळा सरता सरता जुनी नाणी जास्त हाती लागतात. दुसरी जागा म्हणजे खाडीच्या तोंडाजवळच्या जुन्या तरी (होडीने खाडी ओलांडायच्या जागा) आणि बंदरे, जिथे माणसे शेकडो वर्षे होडीत चढली-उतरली. तिसरी जागा वाड्यांची समुद्राकडची कड, जी समुद्र दरवर्षी थोडी थोडी खातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत नारळी, पोफळी, सुरू मुळासकट उन्मळले. अशा झाडाच्या मुळांसोबत बरीच खोल माती वर येते. पुढे कधी असे झाले तर जेसीबीने खड्डा बुजवण्याआधी ती माती एकदा नजरेखालून घालावी, एवढे जरी आपण सांगितलेत तरी पुष्कळ.

आणि सापडणारे नाणे कुठल्याही काळातले असू शकते. सोपारा आणि चौल ही सातवाहन काळापासूनची बंदरे. दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात भरभराटलेले. चौलला पोर्तुगीज १५२१ ते १७४०, वसईला १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती घेईपर्यंत. कुलाब्याला आंग्रे, मुरूडला सिद्दी, मुंबईला कंपनी सरकार. ज्या किनाऱ्यावर इतक्या राजवटींची आणि परदेशी व्यापाऱ्यांची नाणी एकाच बाजारात चालली, तिथे कुठले नाणे कुठल्या गावापर्यंत पोचत होते हा अभ्यासाचा मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वस्तुसंग्रहालयाच्या कपाटातल्या गाव-नाव नसलेल्या नाण्यांतून मिळत नाही. ते मिळते फक्त 'अमुक गाव, अमुक वाडी, इतकी खोली' अशी नोंद असलेल्या नाण्यांतून.

यंत्राबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण गावात अफवा यंत्रावरूनच उठते. डिटेक्टरची कॉईल चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने जमिनीतल्या धातूत वीज फिरते आणि तिचा प्रतिसाद कॉईल पकडते. एकट्या नाण्यासाठी याचा आवाका वीस-पंचवीस सेंटीमीटरचा असतो. मोठी कॉईल आणि मोठे भांडे असेल तर मीटरभरापर्यंत कळू शकते. पडद्यावरचा आकडा धातूचे नाव सांगत नाही, त्या वस्तूतून वीज किती सहज वाहते एवढेच सांगतो. सोन्याची बारीक अंगठी, कॅनची ॲल्युमिनियमची पट्टी आणि पागाचे (फेकायच्या जाळ्याचे) शिसे एकाच आकड्यांच्या टापूत येऊ शकतात. त्यात आपली जमीन अवघड. ओल्या खाऱ्या वाळूतून स्वतःच वीज वाहते, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्र ओहोटीच्या पट्ट्यात सारखे किरकिरत राहते. सेन्सिटिव्हिटी उतरवावी लागते किंवा अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारे यंत्र लागते. मालगुंड, नेवरे, काळबादेवीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे. तिथे दर थोड्या अंतरावर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचाच आवाज वगळण्याची यंत्राची जुळणी, नव्याने साधावा लागतो. सड्यावर आणि वाडीत जांभ्यातले लोह तोच त्रास देते, नुसता चिऱ्याचा तुकडाही नाण्यासारखा वाजतो.

हे आपल्याला माहीत असावे ते एवढ्यासाठी, की 'यंत्राने वीस फुटांवर सोन्याचा हंडा दाखवला' असे सांगणारा माणूस खोटे बोलतो आहे हे आपण गावाला ठामपणे सांगू शकाल. असे यंत्र नाही. अशाच बोलण्यातून रात्रीचे जेसीबी येतात, जुने चौथरे उखडले जातात आणि कधी कधी पूजा-बळीपर्यंत गोष्ट जाते. धनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहेत. पोलीसपाटलांनी अशा वेळी वाट पाहू नये.

आता ओळखीचे. नाणे म्हटले की गोल, चपटी, अक्षरे असलेली चकती डोळ्यांसमोर येते, आणि नेमकी म्हणूनच आपल्या किनाऱ्यावरची काही महत्त्वाची नाणी भंगारात जातात. लारी हे त्यातले पहिले. ती चांदीची तार असते, मधोमध दुमडलेली, वजनाने पाच ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि तिच्या चपट्या केलेल्या भागावर फारसी अक्षरांचा एखादा तुकडा उमटलेला असतो. इराणच्या आखातातून आलेला हा प्रकार पश्चिम किनाऱ्यावर चालला आणि आदिलशाहीनेही आपल्या लाऱ्या पाडल्या. काळी पडलेली लारी केसांच्या आकड्यासारखी दिसते आणि लोक ती फेकून देतात.

दुसरी सातवाहनांची शिशाची नाणी. आपल्या पुळणीवर डिटेक्टरला सर्वांत जास्त काय मिळते, तर जाळ्याचे शिसे. ते गोळा करून वितळवतात आणि पुन्हा जाळ्याला लावतात. यात वावगे काही नाही. पण वितळवण्याआधी प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहावा. जाळ्याच्या शिशाला आरपार भोक असते किंवा दोरी बसण्यासाठी चीर असते, आणि कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. शिशाचे नाणे भरीव असते, सपाट असते, बऱ्याचदा एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. त्यावर पांढुरकी-करडी पूड धरलेली असते. बाजूने बॅटरीचा उजेड टाकला तर हत्तीची पाठ, टेकडीसारख्या कमानी, होडीची रेघ किंवा ब्राह्मी अक्षराचा दांडा दिसू शकतो. असा तुकडा वेगळा ठेवावा, आणि हाताळल्यावर हात धुवावेत, कारण शिशाची पूड विषारी असते. तिसरी पोर्तुगीजांची कथलाची आणि शिशाची हलक्या किमतीची नाणी, बझारूक: ओबडधोबड, काळपट, कडा फुटलेल्या. चौल-रेवदंडा आणि वसईच्या आसपास यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

शिवराई मात्र बहुतेकांना ओळखू येते. तांब्याची, जाडसर, दहा ग्रॅमच्या आसपास पण एकसारख्या वजनाची कधीच नाही; एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचे कडे. ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असल्याने सगळी अक्षरे एका नाण्यावर मिळत नाहीत. 'राजा'मधला 'जा' अर्धा आहे म्हणून नाणे खोटे ठरत नाही. शिवराई नंतर पेशवाईत आणि पुढेही पाडली गेली, म्हणून सापडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळची असे पंचनाम्यात लिहू नये. तसे लिहिले की वर्तमानपत्रात तेच छापून येते आणि पुढे कुणी खरे सांगितले तर गाव नाराज होते. पारड्यांमध्ये फारसीत 'अदल' लिहिलेला तराजू असेल तर तो कंपनी सरकारचा मुंबई इलाख्यातला पैसा. राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. लोहचुंबकाला चिकटणारे नाणे बहुधा अलीकडचे पोलादी नाणे किंवा नक्कल समजावी.

सापडण्याच्या जागी काय करायचे ते आम्ही डिटेक्टरवाल्यांनीच करायचे आहे, पण आपण ते विचारावे म्हणून सांगतो. पहिले नाणे निघाले की थांबायचे. हाताच्या अंतरात दुसरा आवाज येतो का ते न खणता कॉईल फिरवून पाहायचे. दुसरा आवाज आला, किंवा मातीत खापरी, कोळसा, तांब्याच्या भांड्याची कड दिसली, तर तो साठा असू शकतो आणि तिथे पुढे एक खुरपेही घालायचे नाही. माती परत अलगद लोटायची, जागेवर माणूस बसवायचा आणि आपल्याला कळवायचे. मडके बाहेर काढून रिकामे करणे ही सर्वांत मोठी हानी, कारण मडक्यात वरची नाणी शेवटी टाकलेली असतात आणि खालची आधी. शिवाय पुरण्याचा काळ ठरतो तो साठ्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून. शंभर नाण्यांतले वेगळे दिसणारे एकच नाणे कुणी आठवण म्हणून खिशात घातले आणि नेमके तेच सर्वांत नवे असले, तर सबंध साठ्याची तारीख पन्नास-साठ वर्षांनी चुकू शकते. म्हणून मोजणी महत्त्वाची, आणि म्हणूनच 'एक नाणे देवळात ठेवू, एक शाळेत' हा गावचा चांगल्या मनाने केलेला विचारही तपासणी होईपर्यंत थांबवावा.

जागेची नोंद मोबाईलवर होते. नकाशावर बोट दाबून ठेवले की अक्षांश-रेखांश येतात. दशांशानंतर पाच आकडे लिहावेत. पण नारळी-पोफळीच्या दाट वाडीत मोबाईल पाच-दहा मीटरने सहज चुकतो. म्हणून टेपने दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतरही घ्यावे: विहिरीचा कठडा, गडग्याचा कोपरा, दीपमाळ, क्रमांक असलेला विजेचा खांब. दोन अंतरे असली की ती जागा पुढे कधीही सापडते. खोली जमिनीच्या पृष्ठापासून नाण्यापर्यंत मोजावी. पुळणीवर असेल तर भरतीच्या रेषेपासून किती पावले, समुद्राकडे की जमिनीकडे, आदल्या दिवसांत उधाण होते की भांग (लहान भरती), आणि नाणे सैल वाळूत होते, शिंपल्यांच्या थरात होते की कातळाच्या भेगेत, तेही लिहावे. फोटो नाणे उचलण्याआधी एक, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग पांढऱ्या कागदावर दोन्ही बाजूंचे. फ्लॅश बंद. खोली अंधारी करून बॅटरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरली की झिजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. समोरून प्रकाश टाकला तर तीच अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात.

धुण्याबद्दल आम्हाला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, कारण चोरीपेक्षा जास्त नाणी चिंचेने आणि लिंबाने मरतात. समुद्राच्या किंवा खाजणाच्या मातीतल्या तांब्यात क्लोराइड मुरलेले असते. वरून हिरवा थर दिसतो, त्याखाली तांबूस थर असतो, आणि शेकडो वर्षांनंतर अक्षरांचा उठाव पुष्कळदा मूळ धातूत उरलेलाच नसतो, तो या थरांत असतो. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांनी घासले की थर जातो आणि चकचकीत, कोरी, खड्डे पडलेली चकती हातात राहते. ती मग कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. चांदी खाऱ्या पाण्यात करडी, काळी, जांभळट होते आणि पातळ नाणे आतपर्यंत धातूच राहिलेले नसते. आकार दिसतो पण चिमटीत दाबले तर भुगा होतो. म्हणून चिकटलेला गठ्ठा सुरीने किंवा पाण्यात उकळून सोडवायचा नाही. सोन्याला यातले काही होत नाही, ते जसे पुरले तसे पिवळे निघते, आणि म्हणून सोनाराच्या मुशीत सर्वांत आधी तेच जाते.

ठेवायचे कसे, ते नाणे कुठून आले त्यावर आहे. कोरड्या मातीतून, घराच्या पायातून, वाडीतून आले असेल तर पाणी लावायचेच नाही. चिकटलेल्या मातीसह मऊ कागदात गुंडाळायचे, प्रत्येक नाणे वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. ओल्या वाळूतून किंवा पाण्यातून आले असेल तर ते सुकू द्यायचे नाही. सुकताना आत मुरलेले मीठ स्फटिक धरते आणि थर उचकटते. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बरणीत तिथलेच समुद्राचे पाणी काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवायचे. दोन-चार दिवसांत पुरातत्त्व विभागाकडे पोचणार नसेल तर गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. तिथेच ॲसिडही विकतात, तेव्हा बाटली वाचून घ्यावी. तांबे, चांदी, लोखंड एका बरणीत घालू नये, एक धातू दुसऱ्याला खातो. स्टीलचा डबा किंवा तांब्याची वाटीही नको.

आपल्या कार्यालयात एरवी काय घडते ते आम्ही जाणतो. नाणी कापडी पिशवीत घालून लाखेने सील करतात आणि लोखंडी कपाटात ठेवतात. मुद्देमाल म्हणून हे बरोबर आहे, नाण्यांसाठी घातक आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत मिठाळलेले तांबे कापडात गुंडाळून ठेवले की काही आठवड्यांत त्यावर फिक्या हिरव्या पुडीचे ठिपके उठतात. जुना हिरवा थर कठीण आणि गडद असतो. ही पूड मऊ असते, दात कोरायच्या काडीने सहज निघते आणि तिच्याखाली खड्डा असतो. संवर्धक याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. आतल्या क्लोराइडला ओलावा आणि हवा मिळाली की आम्ल होते, ते तांबे खाते, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड होते, आणि हे नाणे संपेपर्यंत चालू राहते. हवेतली सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली आणली तर ते थांबते. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि लिटरभर डब्याला शंभर ग्रॅम रंग बदलणारी सिलिका जेल पुरते. रंग बदलला की ती गरम करून सुकवायची आणि परत वापरायची. सील डब्यावर लावा, नाण्यांच्या पिशवीवर तापलेली लाख टपकवू नका. ही पद्धत फक्त कोरड्या आलेल्या नाण्यांसाठी. पाण्यातली पाण्यातच राहू द्या.

पंचनाम्यात 'पिवळ्या धातूची नाणी नग १२' एवढ्यावर थांबू नये. धातूची खात्री नसताना 'पिवळ्या धातूची' लिहिणे योग्यच आहे, पण पुढे प्रत्येक नगाचे स्वतंत्र वजन हवे, सोनाराच्या काट्यावर ग्रॅमचे दोन दशांश, आणि व्यास मिलिमीटरमध्ये. सोनाराला काटा घेऊन पंचांसमोर बोलवावे, नाणी त्याच्याकडे पाठवू नयेत. कसोटीच्या दगडावर घासून पाहू देऊ नये. खापऱ्या, झाकण, मडक्यातली माती हीसुद्धा यादीत घ्यावी, कारण खापरीवरून काळ कळतो. वजन, व्यास आणि फोटो असलेले नाणे वाटेत बदलता येत नाही, आणि यात आपलेही संरक्षण आहे. दिवेआगरला १९९७ मध्ये पोफळीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सुवर्णगणेशाचा मुखवटा निघाला. २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला आणि सोने हाती लागले ते वितळवलेले. ज्या वस्तूची नोंद चोख असते तिच्याबद्दल वितळल्यावरही काही सांगता येते. नोंद नसलेल्या नाण्याचे वितळल्यावर काहीच उरत नाही.

कायदा आपल्याला ठाऊक आहेच, पण गावाला ठाऊक नाही, आणि भीती तिथूनच येते. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय आणि साधारण किती किमतीचे, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि हिस्साही जातो. एवढे लोकांना ऐकून माहीत असते. पुढचे कुणी सांगत नाही. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात, आणि वस्तू बेवारस ठरली, जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेले जागामालकाला असा हिस्सा कायद्यातच आहे. शासनाने वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यायचा असतो. म्हणजे कळवणारा गुन्हेगार ठरत नाही, त्याचा हक्क तयार होतो. सुटे एकच नाणे 'दडलेले' की नुसते 'पडलेले' यावर काथ्याकूट करण्यापेक्षा अर्ज द्यावा हे उत्तम. आणि त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळाली नाही तर पुढच्या वेळी तो माणूस आपल्याकडे येणार नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

विक्रीचेही सांगावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष आहे. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. मोबाईलवर 'जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी नोंदणी फी भरा' असे सांगणारे भामटे आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे करणाऱ्यांपासून सावध राहा असे बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केले होते.

आमच्या लोकांवर आपला वचक असावा, हेही मनापासून लिहितो. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, वसई हे किल्ले केंद्र संरक्षित आहेत. तिथे परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि आमच्या मते यंत्र घेऊन आत जाणेही चुकीचे आहे. खाजगी वाडीत मालकाची लेखी परवानगी हवी, आणि सापडल्यास हिस्सा कसा ते त्याच कागदावर आधी लिहिलेले हवे. खड्डे बुजलेले हवेत. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, ती भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत साधारण दीड फूट खोल असतात. त्या काळात त्या पट्ट्यात स्कूप (वाळू उपसायचे जाळीदार फावडे) घालणाऱ्याला आपण सरळ परत पाठवावे.

आपल्याकडून नेमके हवे आहे ते असे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटे घ्यावा. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी: तारीख, सापडणाऱ्याचे नाव, सर्व्हे नंबर किंवा पुळणीवरची खूण, अक्षांश-रेखांश, खोली, नग, वजन, व्यास, फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये आहेत, पोच दिली का. फलकावर तहसील कार्यालयाचा, जवळच्या उपकोषागाराचा आणि पुरातत्त्व खात्याचा चालू दूरध्वनी लावावा. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे, केंद्र संरक्षित स्थळांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ आहे. एक हवाबंद डबा, दोन काचेच्या बरण्या, झिपच्या पिशव्या, फूटपट्टी आणि पाव किलो सिलिका जेल एवढे सामान कपाटात असावे. आणि जे गाव कळवील त्या गावाला, तपासणी झाल्यावर, त्या नाण्याचे वाचन आणि मोठे फोटो शाळेत लावायला मिळावेत यासाठी आपण सर्वांनी मिळून खात्याकडे लेखी मागणी करावी. तिच्यावर सह्या करायला आम्ही तयार आहोत, आणि वहीचे रकाने आखून द्यायला, पोलीसपाटलांना नाणे हाताळून दाखवायला आमच्यातले कुणीही विनामूल्य येईल.

कळावे.

आपले नम्र,
कोकण किनाऱ्यावरचे नाणी-अभ्यासक आणि मेटल डिटेक्टर वापरणारे